चौदाव्या नियमातली चोरी

श्रीपती सरवदे बोलायला लागले की वाटे, कुठंतरी पंचनामा चालू आहे. चहा अगोड झाला तर ते 'साखर कमी पडली' असं म्हणत नसत. "सदर चहामध्ये साखरेचं प्रमाण समाधानकारक आढळून येत नाही," असं म्हणत. त्यावर त्यांच्या पत्नी अक्काबाई आतूनच विचारत, "मग सही कुठं करू?"

पाटबंधारे खात्यात मोजणीदार म्हणून त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. कुणाच्या उसाला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, हे वहीत लिहिलेलं असे. त्या पाळीप्रमाणे पाणी जातंय का ते बघायचं, आणि पाळी नसताना कुणी कालव्यातून शेताकडं जाणाऱ्या चारीचं दार उघडलं तर त्याला धरायचं, हे त्यांचं काम. धरलेला माणूस आधी हसे, मग हात जोडे, मग पाहुण्यांची ओळख सांगे. श्रीपतीराव वही उघडत आणि म्हणत, "आपली पाळी गुरुवारची आहे. आज सोमवार आहे. विषय संपला." विषय खरोखरच संपे. बारामतीपासून बावड्यापर्यंत कालव्याच्या कडेनं एक गोष्ट ठरून गेली होती, की ह्या माणसानं न्हाय म्हटलं म्हंजी न्हाय.

वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा श्रीपती नऊ वर्षांचे होते. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण घरात आलेला प्रत्येक छापील कागद ते सरळ करून पेटीत ठेवत. पोरानं तो वाचून दाखवला की मान हलवत, "लिवलंय न्हवं? मग झालं तर." श्रीपतीरावांनी तेवढंच उचललं आणि त्यावर सगळा संसार केला.

बारामतीत बेसबॉल आला तो शाळेच्या स्पर्धेसाठी. सोपान सर नावाचे खेळाचे शिक्षक होते. त्यांनी चार बॅटी, नऊ हातमोजे, पोतंभर चेंडू आणि एक पातळसं इंग्रजी पुस्तक कुठूनसं मिळवलं. स्पर्धा झाली, पोरं पांगली, आणि बघायला आलेले बाप्ये तिथंच राहिले. त्याचं कारण साधं होतं. क्रिकेटमध्ये पोरं ह्या मंडळींना बॅटिंग द्यायची नाहीत, लांब बाभळीखाली उभं करायची आणि चेंडू गेला की ओरडायची, "काका, पळा!" इथं कुणालाच काही येत नव्हतं. सगळे सारखेच अडाणी. सोपान सरांनी तीन रविवार शिकवलं आणि चौथ्या रविवारच्या आत त्यांची बदली झाली.

तरी शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर चार संघ उभे राहिले: बारामती, कोऱ्हाळे, लोणी भापकर आणि बावडा. वय तिशीच्या पुढं. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात हे सरांनी सांगितलं होतं, पण पहिल्या दिवसापासून सगळे विचारायला लागले, "आज पिक्चर कोन हाय?" धावणाऱ्यानं एकेक करून गाठायच्या चार खुणा म्हणजे बेस, त्यातल्या शेवटच्या बेसला घर म्हणायचं ठरलं. धाव पूर्ण झाली की बाहेर बसलेले ओरडत, "आला गं बाई घरी!"

पंच कोण, यावर कुणाचं दुमत झालं नाही. चारही गावांना श्रीपतीरावांकडून 'नाही' ऐकायची सवय होती.

पहिल्याच सामन्यात घोटाळा झाला. लोणीच्या गड्याच्या हातात चेंडू होता आणि समोरून बारामतीचा माणूस धावत आला. चेंडूचा हात त्याला लावला की तो बाद, एवढाच प्रश्न. पण हा हात मागं घेऊन बाजूला झाला आणि अदबीनं म्हणाला, "या दाजी, या. फुडं व्हा."

श्रीपतीरावांनी शिट्टी मारली. "हात का लावला नाही?"

"थोरल्या बहिणीचं मालक हायेत. त्यांच्या अंगाला हात कसा लावायचा, सायेब?"

"दाजी असले तरी ते धावत होते."

"धावत व्हते म्हनूनच. थांबले असते तर पाया पडलो असतो."

त्या संध्याकाळी श्रीपतीरावांनी नियम लिहायला घेतले. सर मागं ठेवून गेले होते ते इंग्रजी पुस्तक एका बाजूला, शब्दकोश दुसऱ्या बाजूला. आठ संध्याकाळी बसून बावीस नियम झाले. पहिला नियम होता: 'मैदानावर नातं नाही.' घरावर तंबाखू थुंकू नये, बॅट कुऱ्हाडीसारखी फेकू नये, पंचाशी फक्त कर्णधारानं बोलावं आणि तेही एका वेळी एकच वाक्य, असं सगळं त्यात होतं. एकविसावा नियम त्यांनी ठळक टाइप करून घेतला: 'एकदा दिलेला निर्णय बदलत नाही.' खाली सही, तारीख. चाळीस झेरॉक्स प्रती निघाल्या आणि प्रत्येक खेळाडूला एक मिळाली.

चौदावा नियम असा होता: 'बेसची चोरी करणारा खेळाडू बाद समजला जाईल व पुढील दोन सामने बाहेर बसेल.'

पुस्तकात तो शब्द त्यांना वारंवार दिसला होता. शब्दकोशात पाहिलं, तर अर्थ चोरणे. पिचरनं चेंडू टाकायला घेतला की कुणी मारायची वाट न बघता धावणारा पुढच्या बेसकडं सुटतो, त्याला हा शब्द. म्हणजे पाळी नसताना दार उघडणं. श्रीपतीरावांना पुढचं वाचायची गरज वाटली नाही. चोरीचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. 'खेळाडूंचे वर्तन' या मथळ्याखाली, थुंकण्याच्या नियमानंतर, त्यांनी ती बसवून टाकली.

सहा रविवार कुणी चोरी केली नाही. सातव्या रविवारी रविराज घोगरेनं केली.

रविराज बावड्याचा. वय चौतीस, वीस एकर ऊस, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. पहिल्या बेसवर उभा होता. पिक्चरनं हात मागं नेला आणि ह्याच्या पायांनी काय ठरवलं कुणास ठाऊक, सुटला. दुसऱ्या बेसवर पोचून उभा राहिला, तेव्हा चेंडू अजून मागं झेलायला बसलेल्या कॅचरच्या मोज्यात होता. बावड्याची मंडळी टाळ्या वाजवायला लागली.

शिट्टी वाजली. श्रीपतीरावांनी कालव्यावर ओरडतात तसा आवाज काढला. "चोरी! बाद! दोन सामने बाहेर!"

"कसली चोरी?"

"बेसची."

रविराजनं खाली बघितलं. "बेस तर हितंच हाय की. चोरला असता तर खिशात नसता का?"

मैदान हसलं. श्रीपतीराव हसले नाहीत. "नियम चौदा. सदर खेळाडूनं मैदान सोडावं."

"श्रीपतीराव, पळालोय मी. पळनं म्हंजी चोरी?"

"पाळी नसताना पळणं म्हणजे चोरी."

रविराज मैदानाबाहेर गेला. तो दिवस तिथंच संपायचा, पण त्या मोसमात साखर कारखाना जोरात चालू होता आणि ऊस घेऊन आलेल्या गाड्या वजनकाट्यापुढं तासन् तास उभ्या असायच्या. रांगेतल्या माणसाला बोलायला विषय लागतो. बुधवारपर्यंत त्याचं नाव 'बेसचोर' पडलं. गुरुवारी नुसतं 'चोर' राहिलं, कारण बेस म्हणजे काय ते निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

एरवी त्यानं हसण्यावारी नेलं असतं. पण बावड्याच्या चारीवर शेतकऱ्यांची नवी पाणीवाटप संस्था निघाली होती आणि मंगळवारच्या सभेत तिचा अध्यक्ष निवडायचा होता. रविराज उभा होता. पाणी वाटायचं काम. म्हणजे माणसाकडं दुसरं काही नसलं तरी चालेल, नाव पाहिजे. आणि समोरच्या गटातला एक जण पारावर बसून एकच वाक्य म्हणत होता, "पान्यावर चोर बशिवता व्हय? बशिवा. आमचं काय न्हाय." त्यापुढं तो काही बोलत नव्हता. बोलायची गरजच नव्हती.

शुक्रवारी दुपारी रविराजची मोटरसायकल श्रीपतीरावांच्या क्वार्टरपुढं थांबली.

"रामराम."

"जय भीम. या. बसा."

"बसायला न्हाय आलो." म्हणाला आणि बसला. "मला तेवढं पुस्तक दावा. कुठं लिवलंय ते दावा. इंग्रजीत मला चोर म्हनलं असंल तर मी उद्या अर्ज माघारी घेतो. पर दावा."

"का नाही? नियमाला आधार आहे," श्रीपतीराव म्हणाले आणि पुस्तक घेऊन आले. मनातून त्यांना बरं वाटलं. कागद मागणारा माणूस त्यांना आवडे.

अक्काबाईंनी चहा ठेवला. "घ्या भाऊजी. पंचनाम्याला वेळ लागंल."

श्रीपतीराव पानं उलटत होते. 'वर्तन' असं प्रकरण पुस्तकात होतं, पण त्यात तो शब्द नव्हता. भांडण होतं, धक्काबुक्की होती, पंचाचा अपमान होता. चोरी नव्हती. चोरी 'धावण्याची पद्धत' या प्रकरणात निघाली. तिथं पाय कसा ठेवावा, नजर कुठं असावी, कधी सुटावं याची चित्रं होती. त्यांना वाटलं, हे ओळखण्यासाठी दिलं असेल. चोर कसा सुटतो ते पंचाला कळावं म्हणून. ते शेवटच्या पानावर आले. तिथं नमुन्याचा तक्ता होता: खेळाडूंची नावं, धावा, आणि शेजारी एक रकाना, 'चोरलेले बेस'. एका माणसापुढं चार आकडा होता. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. शब्दकोश घेऊन त्यांनी ती लावली. मोसमात सर्वांत जास्त बेस चोरणाऱ्यास चषक देण्यात यावा.

श्रीपतीरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ तीच होती. चोरांच्या याद्या त्यांनी सव्वीस वर्षं केल्या होत्या. पहिल्या नंबराला चषक दिल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

"घावलं का?" रविराजनं विचारलं.

"घावलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द अक्काबाईंनी वीस वर्षांत ऐकला नव्हता. त्या दारात आल्या.

"मग? काय लिवलंय?"

पुस्तक उघडं होतं, पण रविराजला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. तो पुस्तकाकडं बघतच नव्हता, त्यांच्या तोंडाकडं बघत होता. श्रीपतीरावांनी पुस्तक मिटलं.

"रविवारी सांगतो. मैदानावर."

"म्हंजी समद्यांम्होरं पुन्हा एकदा? बरं. तुमचं ते बी हुंद्या." कपात चहा अर्धा ठेवून रविराज उठला आणि मोटरसायकलला तीनदा किक मारून गेला.

अक्काबाईंनी कप उचलला. "अवो, तोंड असं का झालंय?"

"सदर नियमात..." श्रीपतीराव थांबले. "चुकलो मी."

"मग त्याला सांगायचं न्हाय व्हय, हितंच?"

"चारचौघांत म्हटलंय त्याला. घरात चहावर कसं मागं घेऊ?"

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. शनिवारी ते कालव्याच्या कडेनं नेहमीचे अकरा किलोमीटर सायकलनं गेले. प्रत्येक चारीपाशी त्यांना एकच गोष्ट दिसत होती. मैदानावर एकदा शब्द फिरवला की सोमवारी इथं कुणीतरी फावडं टेकवून उभा राहील आणि हसत म्हणेल, साहेब, तुमची वही जरा परत बघा की. बेसबॉलच्या नियमात चूक निघती, मग वहीत का न्हाय निघायची? त्यांच्याकडं बंदूक नव्हती, गाडी नव्हती, शिपाई नव्हता. न फिरणारा शब्द तेवढा होता. आणि दुसऱ्या बाजूला रविराजचं नाव होतं, ते त्याच शब्दानं गेलं होतं.

रविवारी कोऱ्हाळे विरुद्ध बावडा असा सामना होता. नाणं उडवायच्या आधी श्रीपतीरावांनी दोन्ही संघ बोलावले.

"सर्वांना कळविण्यात येते की नियम क्रमांक चौदा रद्द करण्यात येत आहे. बेस चोरता येतो. पुस्तकात तसं आहे. मी वाचण्यात चूक केली. रविराज घोगरे आज खेळतील."

मग कोऱ्हाळ्याचे कर्णधार सावळाराम पुढं आले. कॅचर, वजन क्विंटलला टेकलेलं, बोलणं मात्र तुपासारखं. त्यांनी खिशातून आपली प्रत काढली आणि उलगडली.

"श्रीपतीराव, रागावू नगा बरं का. ह्यो कागद तुमचाच?"

"माझाच."

"सही तुमचीच?"

"माझीच."

"मग एकवीस नंबर वाचतो. 'एकदा दिलेला निर्णय बदलत नाही.' ठळक हाय. आमी आज रविराज न्हाय ह्या हिशोबानं आलोय. उद्या तुमी म्हनाल थुंकलं तरी चालतंय, पुस्तकात तसं हाय."

"थुंकण्याचं पाहिलंय. चालत नाही," श्रीपतीराव म्हणाले.

मागून कुणीतरी खोकल्यात हसलं.

"निर्णय बदलला की पंच बदलला, असं लोक म्हनत्यात. मी न्हाय म्हनत," सावळाराम म्हणाले.

"लोकांनी म्हणावं. निर्णय चुकीच्या कागदावर दिला होता. कागद दुरुस्त करतो. आणा."

सरकारी कागदावर खाडाखोड केली की तिच्या शेजारी सही लागते, नाहीतर ती खाडाखोड खोटी. श्रीपतीरावांना दुसरी रीत माहीत नव्हती. ते मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका जीपच्या बॉनेटपाशी गेले आणि त्यांनी पेन काढलं. सावळारामांची प्रत पहिली. चौदावा नियम आडवी रेघ मारून खोडला, शेजारी लिहिलं, 'चोरीस परवानगी आहे', खाली सही, तारीख. मग पुढची प्रत. मग त्याच्या पुढची. सामन्याची वेळ टळून गेली. कुणी प्रत दप्तरात ठेवावी तशी जपली होती, कुणाच्या प्रतीवर वैरणीचा हिशोब होता. बिरू नावाच्या कोऱ्हाळ्याच्या गड्यानं आपली प्रत पुढं केली ती तंबाखूच्या पुडीच्या आकारातच होती.

"चौदावा नियम कुठं आहे?"

"तंबाखू संपली की निघंल, सायेब."

त्यांनी पुडी उलटीपालटी करून जागा शोधली आणि तिच्यावरही सही केली.

शेवटी रविराज आला. त्याच्याजवळ प्रत नव्हती. "ती फाडली मी गेल्या रविवारी," तो म्हणाला. "कागदावर खोडलंत, बरं झालं. पर मला कागदानं चोर केलं न्हाय, तुमच्या तोंडानं केलं. तोंडानं खोडा."

श्रीपतीरावांनी शिट्टी फुंकली. बाहेर बसलेले, झाडाखाली गाड्या लावून उभे असलेले, सगळे तिकडं बघायला लागले.

"गेल्या रविवारी रविराज घोगरे यांनी चोरी केली," ते मोठ्यानं म्हणाले. "ती चोरी योग्य होती. चांगली होती. त्यांना बाहेर काढलं ती चूक माझी."

"म्हंजी चोर हायच की!" झाडाखालून आवाज आला, आणि सगळं मैदान फुटलं. हसण्यात रविराजही होता. कुणीतरी सुचवलं की शब्दच बदलावा, 'सटक' म्हणावं, नाहीतर 'मुसंडी'. रविराजनं मान हलवली. "चोरीच म्हना. शबुद बदलला तर म्हनतील झाकलं."

सामना सुरू झाला. तिसऱ्या डावात रविराज पहिल्या बेसवर उभा राहिला तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की हा पळणार. पिक्चरला ठाऊक होतं, सावळारामांना ठाऊक होतं, शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायकाही कंबर सरळ करून बघत होत्या. पंच एकच असल्यानं श्रीपतीराव दुसऱ्या बेसच्या कडेला येऊन उभे राहिले.

हात मागं गेला. रविराज सुटला. सावळारामांनी एवढ्या मोठ्या देहातून चेंडू असा काही काढला, की तो बिरूच्या मोज्यात सरळ येऊन बसला. बिरू वाकला, रविराजनं अंग टाकलं, धूळ उडाली आणि दोघंही तिच्यात दिसेनासे झाले. बावड्याचा सगळा संघ एका आवाजात ओरडला, "सेफ! सेफ!"

श्रीपतीरावांनी पाहिलं होतं. मोजा घोट्याला लागला तेव्हा अंगठा बेसपासून वीतभर लांब होता. दुसऱ्या कुणालाही ते दिसलं नव्हतं. 'सेफ' म्हटलं असतं तर बावडा खूश, रविराज खूश, गेल्या रविवारची सगळी भरपाई, आणि कोऱ्हाळ्यानं फार तर कुरकुर केली असती.

"बाद," ते म्हणाले.

बावड्याकडून ओरडा झाला. रविराज आडवाच होता. त्यानं मान वर केली. "चोरी म्हनून?"

"चोरी बरोबर. हात आधी लागला."

रविराजनं आपल्या घोट्याकडं बघितलं. तिथं मोज्याचा पांढरा ठसा होता. "लागला," तो म्हणाला, उठला आणि धूळ झटकत बाहेर जाऊन बसला. ओरडणारे मग आपोआप थांबले. सामना बावडा हरला.

मंगळवारच्या सभेत मागून पुन्हा 'चोर' असा आवाज निघाला. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, "परवानगीतला का बिगरपरवानगीतला?" सभा हसली, हात वर झाले आणि रविराज अध्यक्ष झाला. फार मोठ्या फरकानं नाही, अकरा हातांनी.

श्रीपतीरावांना ज्याची धास्ती होती ते बुधवारी सकाळी झालं. लोणीकडच्या चारीवर एक म्हातारा फावडं टेकवून उभा होता. "सायेब, माजी पाळी आज हाय. तुमची वही जरा परत बघा की."

श्रीपतीराव सायकलवरून उतरले. एरवी त्यांनी हे वाक्य ऐकून पुढं पॅडल मारलं असतं. त्यांनी वही काढली, पान शोधलं, नावावर बोट ठेवलं आणि आडव्या ओळीनं ते सावकाश तारखेपर्यंत नेलं. मग वही फिरवून म्हाताऱ्यापुढं धरली.

"परत पाहिलं. शुक्रवार आहे."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं तरी बोटाच्या जागी नीट बघून घेतलं.

"बघितलं न्हवं? मग शुक्रवार," म्हणाला, आणि फावडं खांद्यावर टाकून घराकडं लागला.